थंडीपासून पाय वाचवण्याचा माझा बंदोबस्त

२६ डिसेंबर, सकाळी सहा
पाय गार. दोन्ही. डिंडोलीच्या घरून सचिन गावातल्या कापड कंपनीपर्यंत स्कूटीवर वारा खायचा, मग कंपनीच्या उघड्या आवारात कापडाचे टेम्पो येईपर्यंत तासभर उभं राहायचं. मोबाइल म्हणतो सोळा डिग्री. मोबाइलला काय जातं म्हणायला? त्याला पाय कुठे आहेत.
हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गावाकडे लक्ष्मणकाकांचा पाय असाच गेला. आधी गार, मग बधिर, मग धुळ्याला नेऊन घोट्यावरून कापला. गाव म्हणायचं शुगर. काही नाही. माणूस पहाटे अनवाणी गव्हाला पाणी द्यायला जायचा. थंडीनेच गेला पाय.
संकल्प: माझे पाय मी वाचवणार. ही वही त्यासाठीच. स्कूटीच्या डिक्कीत राहील. घरात ठेवली की बायकोच्या, कलाच्या, हाती लागते.

२७ डिसेंबर
मोज्यांचे तीन जोड आणले. तिन्ही एकावर एक घातले. पाय चपलेत शिरेना, आपटून शिरवला. नूतन, म्हणजे आमची लेक, गुजरातीत म्हणाली, पप्पा, ठंडी छेज क्यां? थंडी आहेच कुठे, असं. ही पोरगी डिसेंबरात पंखा लावून झोपते, हिला काय विचारायचं. वर म्हणे शुगर तपासून घ्या. मी म्हणालो, आपल्या घराण्यात शुगर नाही. कला चुलीकडूनच म्हणाली, मग लक्ष्मणकाका कोन्हा घराण्याना?
मी गाडी काढली.

३० डिसेंबर
आतून गरम राहिलं की पाय आपोआप गरम. साधं शास्त्र आहे. अर्धा किलो अडदिया आणले, उडदाचे गोड लाडू, शुद्ध तुपातले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. शिवाय गुळाचा चहा, चार वेळा.
तहान फार लागते. थंडीत लागतेच. लघवीलाही फार जावं लागतं. थंडी.
बाथरूममध्ये मुंग्या झाल्यात. कलाला म्हणालो, जरा नीट धुवत जा.

४ जानेवारी
आज कंपनीत आपली इज्जत बघण्यासारखी होती. एका पार्टीने प्युअर कॉटन म्हणून कापडाचे तागे पाठवले. मी डोळे मिटले, एक धागा दोन बोटांत फिरवला आणि सांगितलं, नायलॉन घातलंय. काडी लावून दाखवली. कॉटनची राख होते, याचा मणी झाला. चोवीस वर्षं कापड तपासतोय. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, लोटूभाई, तुमच्या बोटांपासून धागा लपत नाही. हाताच्या बोटांपासून, हे मी मनात म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

९ जानेवारी
किरकोळ घटना. चप्पल हरवली. उजवी. वाटेत कधी पडली कळलं नाही. आवारात टेम्पोपाशी उभा होतो तेव्हा गेटवरचा वॉचमन लखन म्हणाला, मास्तर, एकच चप्पल? खाली बघितलं तर खरंच एकच.
कारण उघड आहे. तीन मोजे असल्यावर चप्पल आहे की नाही कसं कळणार? मोज्यांचा दोष. लिहिलं, विषय संपला.
पण तळव्यातला खडा मोजे फाडून आत गेला होता. रक्त होतं.
लक्ष्मणकाकांच्या पायाला काय लागलं होतं आधी? आठवत नाही. कलाला विचारणार नाही.

१३ जानेवारी
नवीन बंदोबस्त. मोजे बाद. कंपनीतल्या साड्यांच्या लांबलचक चिंध्या फुकट मिळतात. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या. गुलाबी, वर जरी. लखन हसला. हस म्हणावं.

१६ जानेवारी
सकाळी लखनने गेटबाहेर शेकोटी पेटवली. पाय अगदी जवळ नेले. चांगली दहा मिनिटं. मग वास आला. मी लगेच म्हणालो, हा पॉलिएस्टरचा वास, कोण येडा साडी जाळतोय रे? लखन किंचाळला, मास्तर, तुमचा पाय!
त्याने पाण्याची बादली ओतली. चिंधी वितळून कातडीला चिकटली होती. कडेला काळे मणी. मी हूं की चूं केलं नाही. तो म्हणाला, दुखत नाही? मी म्हणालो, खानदेशी हाड आहे बाबा.
घरी सांगितलेलं नाही.
दुखायला पाहिजे होतं ना?
थंडीने बधिर झालं होतं. दुसरं काय असणार.

२ फेब्रुवारी
करंगळीपाशीचा फोड भरत आलाय.

९ फेब्रुवारी
भरत आलाय असं मागे लिहिलं होतं. तसाच आहे. हळद लावतो. वास येतो म्हणून वर पावडर. अडदिया वाढवले, तीन-तीन. ताकद पाहिजे जखम भरायला.
कंपनीतून येताना एका दवाखान्यापुढे स्कूटी थांबवली. पाटी पूर्ण वाचली. वेळ दहा ते एक, पाच ते आठ. पावणेसहा झाले होते. म्हणजे चालू होता. घरी आलो.

२२ फेब्रुवारी
चौतीस डिग्री. आवारात हमाल बनियनवर. मी पुन्हा तीन मोजे, त्यावर प्लास्टिकची पिशवी. पाय गार. बाहेरची थंडी गेली, आत शिरलेली राहिली, असं असतं. लखनला समजावून सांगितलं. तो हसला नाही. त्यानेही हसायचं सोडलं म्हटल्यावर मला भीती वाटायला लागली.

३ मार्च
मोजा जखमेला चिकटला. ओढला तर कातडीही आली. दुखलं नाही. तेवढ्यात कला आत आली.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तोंडाला पदर लावून खाली बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. काय व्हयनं हाई, एवढंच म्हणाली. तिचा हात पायाला लागला होता, हे मला बघून कळलं.
नूतनने स्कूटीची किल्ली काढून घेतली; डिक्कीतली वही तेवढी मी आधी काढली होती. उद्या डॉक्टर.
संकल्प: उद्या ताप आला तर जायचं नाही.

४ मार्च
ताप आला नाही.
बोटातून रक्त काढलं, मशीनवर आकडा आला, नूतनने तो डॉक्टरांना दोनदा वाचायला लावला. मी सांगितलं, हिवाळ्यात आकडे वाढतात. डॉक्टरांनी भिंतीकडे बघितलं. तिथे पंख्याचं बटण पाचवर होतं.
मग जखम बघितली. म्हणाले, करंगळी वाचवायचा प्रयत्न करू. माझी करंगळी. काकांचंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं. आता आठवलं.
मग म्हणाले, काका, डोळे मिटा. पायाला धागा लावतो, लागला की हो म्हणायचं. मला जरा धीर आला. धाग्याची परीक्षा! म्हटलं, डॉक्टर, चोवीस वर्षं हेच करतोय. डोळे मिटले, लक्ष देऊन बसलो. बराच वेळ काही नाही. डॉक्टर तयारी करत असतील म्हणून गप्प राहिलो. शेवटी विचारलं, कधी सुरू करताय?
डोळे उघडले तर नूतन रडत होती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही पाय तपासून झाले, काका.
धागा त्यांच्या हातात होता. मी मागून घेतला, दोन बोटांत फिरवला. नायलॉन.
नूतनला म्हणालो, मला भीती वाटतेय बेटा. तिने दंडाला धरून बाहेर आणलं. पायरीवर थांबलो, आणि पायात दोन्ही चपला आहेत का ते खाली वाकून बघितलं.