भिंतीकडे तोंड

प्रिय आईस, धाकटीचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. नातीला दोन दात आलेत. पाजताना झाकायला तू पाठवलेली शाल मात्र ती लाथेनं भिरकावते.

काल दवाखान्यात नंबर यायच्या आत तिनं भुकेनं आकांत मांडला. पाजायला घेतलं, तर वॉचमन म्हणाला, "बाई, संडासात जाऊन बसा."

"तिथं कुणी जेवतं का?" म्हटलं आणि हलले नाही. तू काळजी करू नकोस. शेजारच्या आजी आडोसा करायला उठल्या. म्हटलं, "बसा आजी, गुडघे दुखतील." तुझे कसे आहेत?

मावशी सांगते, मला पाजताना तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस. इतके महिने नुसती भिंतच बघत होतीस का गं?

तुझी,
चारचौघांत बसलेली लेक