हॉलंडना दिलेलं उत्तर

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २००५, श्रूजबरी

आज सेमिनारमध्ये माझ्या प्रबंधातलं हॉलंडच्या पाहणीवरचं प्रकरण वाचलंच. गाइड सकाळीही म्हणाल्या, "हॉलंड स्वतः येणार आहेत, जरा सौम्य कर." नाही केलं.

हॉलंड आता ऐंशीच्या पुढचे. इंग्रजांचं राज्य संपत आलं तेव्हा हा तरुण समाजशास्त्रज्ञ मुंबईत लोकमत अजमावत फिरला. प्रत्यक्षात पाठवलं होतं अमेरिकन वकिलातीने, पण लोकांना सांगायचा, विद्यापीठाचं काम आहे. आणि विचारलं कोणाला? फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांना. त्यावरून वॉशिंग्टनने भारतीयांचं मत ठरवलं.

माझं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही तिथे नव्हता."

"माझी आत्या होती. गिरगावात प्रभातफेऱ्या काढायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असती?"

"आधी तिने तुम्हाला विचारलं असतं, तुम्हाला पाठवलं कोणी?"

सगळे हसले. हॉलंड हसले नाहीत. म्हणाले, "आणि मला खरं सांगता आलं नसतं."

उद्धटपणा झाला का माझा? नाही वाटत. फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारलं, हे खरंच आहे. प्रकरणातला एक शब्दही बदलणार नाही. त्यांचं आजचं शेवटचं वाक्य मात्र त्यात घालणार, त्यांना विचारून.