श्वास धरा!

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

कॅमेरा घेतला बरं का! डोळा मोठ्यावर होता, पण दुकानदार म्हणाला, "खिशात मावेल तोच रोज वापराल." मग छोटाच घेतला.

सोबत माझा पहिला फोटो. कॅमेरा टेबलावर ठेवून टायमर लावला. फोटो काढताना तुम्ही ओरडता ना, "श्वास धरा!" तसा सवयीने धरला, आणि टायमर काही संपेना! म्हणून गाल फुगलेत. आईला सांगा, जेवण व्यवस्थित चाललंय. मागच्या भिंतीवर ओल नाही, सावली आहे.

जिना चढताना तुम्हाला दम लागतो, असं दादा म्हणाला. मला का नाही कळवलंत?

मी येईन तेव्हा सगळ्यांचा फोटो काढू. तोवर बाबा, श्वास धरून बसू नका. सावकाश घेत राहा.

तुमची,
गालफुगी