बेचाळिसावी चूक

आर्डोये, रविवार, १२ मार्च

आदरणीय ओमेरकाका,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी या वेळी पहिल्याच ओळीत करतो, कारण मागच्या पत्रात ती चौथ्या पानावर आली आणि गोडलीव्हकाकूंनी ते मनाला लावून घेतले, असे आईकडून कळले. गुडघा कसा आहे? कबुतरे कशी आहेत? (दोन्ही प्रश्न सारख्याच काळजीने विचारले आहेत.) आम्ही सर्व ठीक. भाज्यांच्या कारखान्यात मटारांचा हंगाम मागच्या उन्हाळ्यातच संपल्यामुळे माझ्यासमोरच्या पट्ट्यावर सध्या गाजरे असतात. काळा मटार जसा लांबून डोळ्यांत भरतो तसे किडके गाजर भरत नाही, पण तक्रार नाही.

पत्राचे कारण अभिमानाचे आहे. माझे नाव छापून आले, काका. टुर्फच्या नव्या, आठव्या पुस्तकात, शेवटच्या पानावर.

दर बुधवारी शाळा अर्ध्यावर सुटली की मी तुमच्याकडे यायचो आणि टीव्हीवर टुर्फ लागायचा. गंजका यंत्रमानव, त्याची मालवाहू होडी, त्याची ती शिट्टी. कार्यक्रम संपला की तुम्ही टुर्फची चित्रपुस्तके काढून द्यायचात. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली (शाळेचे मत वेगळे आहे, ती म्हणते आम्हीच त्याला काढले), पण शुद्धलेखन मी तुमच्याकडे आणि टुर्फकडे शिकलो. तुम्हीच म्हणायचात की आपल्या डच भाषेत 'औ' हा एकच आवाज दोन तऱ्हांनी लिहितात, कधी 'ओ' घालून (ou), कधी 'आ' घालून (au), म्हणून माणसाने कानावर कधी विश्वास ठेवू नये.

तर मी पहिली सात पुस्तके पट्टी धरून तपासली. एकूण एकेचाळीस चुका सापडल्या. सव्वीस शुद्धलेखनाच्या, पंधरा बोल्टच्या. (टुर्फच्या डाव्या हाताला सहा बोल्ट असतात, तिसऱ्या पुस्तकात, पान एकोणीसवर, पाचच आहेत.) यादी रजिस्टर पोस्टाने प्रकाशकांना पाठवली. चौदा महिने उत्तर नाही. त्यांचा अपमान झाला असावा असे वाटून मी तीन वेळा माफीपत्र लिहिले आणि तिन्ही वेळा फाडले, कारण माफी मागावी असे त्या यादीत काही सापडेना. मग जानेवारीत पाकीट आले. आठवे पुस्तक, आणि शेवटी हाताने काढलेल्या अक्षरांत: 'तीक्ष्ण नजरेबद्दल लीवेन वाउटर्स यांचे आभार.'

फक्त वाउटर्स 'आ'ने लिहिले होते.

काका, आपण 'ओ'चे वाउटर्स. वडिलांना दाखवले तर ते म्हणाले, "वाचून बघ. कानाला बरोबर लागतं ना? मग झालं तर." आई म्हणाली, छापून येणाऱ्याने एवढे चिकित्सक असू नये. पण मला सात रात्री झोप नाही. आभार मानले होते ते कोणा दुसऱ्याचे, आणि तो आयता मोठा झाला होता.

म्हणून मी गेंटच्या चित्रकथा-मेळ्याला गेलो. टुर्फच्या चित्रकार रीट कोप्पेन्सबाई तिथे सह्या देणार होत्या. तक्रार गंभीर असल्यामुळे आजीच्या अंत्यविधीचा काळा सूट घातला. ही चूक झाली. मेळ्यात निम्मे लोक कुठले ना कुठले पात्र बनून येतात, आणि टुर्फच्या गोष्टीत होडी जप्त करायला येणारा करवसुली अधिकारी हुबेहूब तसाच सूट घालतो. मी प्रत्येकाला समजावून सांगितले की मी मी आहे. तरीही मुलांनी बूऽ केले. एका आजोबांनी माझा अभिनय संयत असल्याचे सांगितले. शेवटी अकरा फोटो काढू दिले आणि अकराव्यात थोडा दुष्ट हसलो.

रांगेत माझा नंबर एकोणतीस. पुढे एक धिप्पाड गृहस्थ, अंगभर पत्रा आणि डोक्यावर धुराडे लावून टुर्फ झालेले. घडीच्या स्टुलावर बसता येईना म्हणून साडेतीन तास उभे. मी त्यांना चूक दाखवली.

"दोन्हींचा उच्चार सारखाच की रे," ते धुराड्याखालून म्हणाले.

"उच्चार सारखाच आहे. पण मी पुस्तकात उच्चारलेला नाही, लिहिलेला आहे."

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "वसुलीवाल्यांचं हे असंच असतं," आणि मला अर्धा चीज-पाव दिला.

बाईंसमोर पोचलो तेव्हा पाठ केलेले वाक्य विसरलो. नुसते शेवटचे पान उघडून धरले आणि ओळखपत्र शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन्हीकडे पाहिले, पुन्हा पाहिले.

"त्या एकेचाळीस चुका काढणारा तू?"

हो म्हणालो.

"मग ही बेचाळिसावी. आणि ही छापखान्याची नाही बाबा, माझ्या हातची. पुस्तकातलं अक्षर न् अक्षर मीच काढते." त्यांनी ते पान आपल्याकडे वळवून घेतले. "चार हजार प्रती गेल्या. त्या काही परत येत नाहीत. तुझी तेवढी दुरुस्त करून देते."

त्यांनी पांढरा रंग आणि बारीक कुंचला काढला. मी वाकून पाहत होतो, आणि तेव्हा मला प्रथमच ते 'आ' नीट दिसले. टुर्फच्या शिट्टीच्या फुग्यात जे 'आ' असते, पोट किंचित उजवीकडे झुकलेले, तेच. पाच वर्षांचा असताना मी ज्यावर बोट ठेवून वाचायला शिकलो, ते. कुंचला कागदाला टेकणार, तोच माझ्या तोंडून निघाले, "राहू द्या, बाई."

"चूक आहे ती."

"आहे. पण राहू द्या."

बाईंनी कुंचला पुसून बाजूला ठेवला. मग विचारले, नववे पुस्तक छापण्याआधी वाचशील का. मी कारखान्यात भाज्या निवडतो असे सांगितले, तर म्हणाल्या, फार काही मिळणार नाही, "तेव्हा भाज्या सोडू नकोस." मी सोडणार नाही. पण काका, छापण्याआधी टुर्फ वाचणारा सबंध देशात मी एकटा असेन. (बाई सोडून. आणि त्यांना चुका दिसत नाहीत.)

आपला पुतण्या,
लीवेन

ता. क. वर सही करताना आडनाव टाळले आहे. ते विसरलेले नाही.

ता. क. २. खाली जे लिहिले आहे ते वडिलांना अजून सांगितलेले नाही. तुम्ही थोरले भाऊ, तुम्ही समजावलेत तर ते फार तर दोन दिवस जेवणार नाहीत.

ता. क. ३. सोबत आडनाव 'ओ'चे 'आ'चे करण्याचा अर्ज जोडला आहे. त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांचे एक पाठिंब्याचे पत्र जोडावे असे मला वाटते. ते कृपया द्यावे. 'बदलाचे कारण' या रकान्यात मी सध्या पेन्सिलीने लिहिले आहे: 'चुकीच्या चार हजार प्रती आहेत, माझी एकच आहे.' यात शुद्धलेखनाची चूक नाही ना, तेवढे पाहावे.