झेंड्याची वरची बाजू

एडिनबराच्या कचेरीत जाऊन दोन साक्षीदारांच्या सह्यांवर लग्न उरकणार म्हणे! दोन्ही घरांतलं कुणी यायचं नाही म्हणे! आणि हे आजीला कळवलंस कशावर, तर मांजराचं चित्र असलेल्या कार्डावर. त्यात माझ्यापेक्षा मांजरालाच जागा जास्त.

प्रिय लावरी,

आता नमस्कार. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. मला शाळा फारशी नाही, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. मोजायच्याच असतील तर तुझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या मोज.

त्या दिवशी प्रार्थनाघराच्या दालनात तुमच्या लग्नाच्या बोलणीचा चहा ठेवला. मनुकांचा गोड पाव, आपली ‘बरा ब्रिथ’, मी आदल्या दिवशीच भाजली होती. दारावर आपल्या वेल्सचा झेंडा, लाल ड्रॅगन, लावला होता, पुरे होता. पण तूच फोनवर लाडीगोडी लावलीस, “आजी, लॅकलनचे वडील फौजेत होते गं, त्यांना बरं वाटेल, ब्रिटनचा मोठा झेंडाही लाव ना.” वेल्समध्ये जन्म गेला माझा, त्या झेंड्याला मी आजवर हात लावला नव्हता. तुझ्यासाठी पोस्टातल्या बेथनकडून मागून आणला आणि या गुडघ्यांनी खुर्चीवर चढून दारापुढच्या काठीला बांधला. कुणी एक आभाराचा शब्द? छे!

तुझे होणारे सासरे ड्यूगल मॅकरे आले, कोट झटकला, वर बघितलं आणि तांबडे झाले. “बाई, हा उलटा आहे!” मला वाटलं, गाठ सुटली. तर म्हणे काठीशेजारची जाड पांढरी पट्टी लालच्या वर हवी. पांढरी त्यांच्या स्कॉटलंडची, लाल आयर्लंडची, आणि मी स्कॉटलंडला खाली घातलं. बुडतं जहाज मदत मागताना असा झेंडा लावतं, हे शहाणपण वर. सगळ्या गावादेखत! तुझा लॅकलन तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला वाकला, तो वर येईचना.

मी तरी किती ऐकून घेऊ? म्हटलं, मॅकरेसाहेब, तुम्ही खाली का होईना, आहात. मधला मोठा लाल क्रूस इंग्लंडचा. आयर्लंडचा बराचसा भाग कधीचा वेगळा होऊन आपला संसार थाटून बसलाय, तरी त्याची पट्टी तशीच. आता आम्ही वेल्सवाले कुठे आहोत ते बोट ठेवून दाखवा. ज्यात आम्ही नाहीच, त्याची वरची बाजू आम्हाला कशी कळावी?

त्यांनी खरंच शोधलं हो! मान तिरकी करून. मग म्हणाले, “झेंडा झाला तेव्हा तुम्ही इंग्लंडमध्येच धरलेले होता. म्हणजे तुम्ही त्यांच्या क्रूसात आलात.” मी विचारलं, तुमच्या घराच्या दारावर यूनाबाईंचं नाव आहे, की त्याही तुमच्या नावात आल्या? यावर यूनाबाई इतक्या हसल्या की चहा नाकात गेला. लावरी, मॅकरेंना राग माझ्या बोलण्याचा नाही आला, बायकोच्या हसण्याचा आला. कप अर्धा टाकून गेले. आणि तू त्यांच्या मागे धावलीस. माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीस.

बाकी इकडचं सांगायचं तर तुझी आई गेल्यावर मी तुझ्या वेण्या घालायचे तो स्टूल मोडला. टाकून दिला. त्यावर आता बसणार कोण?

बेथन रोज टोकते, टेगवेन, झेंडा उतरव नाहीतर सरळ तरी कर, लोक हसतात. मी हात लावलेला नाही. पावसात भिजतोय, वाऱ्यात फडफडतोय, उलटाच. आधी चुकून लागला होता, आता मीच तसा ठेवलाय. बुडतं जहाज तसा लावतं ना? मग ज्या घरातली एकुलती पोर आजीला वगळून लग्न करते, त्या घराच्या गावात तो बरोबरच लागलाय. एवढं कळवायलाच हे पत्र. हे तू ड्यूगल मॅकरेंना इंग्रजीत वाचून दाखवायचंस, एक शब्द गोड न करता. सांग, बुडणाऱ्याची खूण ओळखणारा फौजी नुसता बघून जात नसतो. यावं, आपल्या हाताने झेंडा सरळ करावा, ड्रॅगनच्या शेजारी. खुर्ची मी धरीन. यूनाबाईंनाही आणावं, त्यांची बरा ब्रिथ झाकून ठेवलीय. लग्न इथे, प्रार्थनाघरात.

तुझीच, कुठल्याच पट्टीत नसलेली,
आजी टेगवेन

ता. क. उत्तर तू लिहायचं नाही, लॅकलननेही नाही. मॅकरेंनी स्वतः लिहायचं. आणि मांजराच्या कार्डावर नको.