दोरी ओढली, हात वर

फेअरमिल, व्हर्जिनिया
१२ जून १९९४

चि. नोरीन हिस,
रसेलदादाचे आशीर्वाद. वि. वि.

टिल्डा इथे खुशाल आहे. तू खुशाल डोंगरावरच्या मनोऱ्यात बसून वणव्याचा धूर शोध. इथे तुझ्या लेकीने माझ्या डोक्यातून काढलाय तो वेगळा. मंगळवारी तिने जाहीर केलं की आपण पोहण्याच्या टीममधून स्पर्धेत उतरणार. वय सहा वर्षं, दोन महिने. कोच केल्सी (स्वतः एकोणीस वर्षांची पोर, नाकाला पांढरं मलम) म्हणते, पंचवीस मीटर आपल्या बळावर जाते ना, स्वतःहून यायचं म्हणते ना, मग झाली तयार.

झाली कशी? मी एकतिसाव्या वर्षी लायब्ररीतलं पुस्तक काठावर उघडं ठेवून एकटा पोहायला शिकलो, आणि आज या गावच्या पोहण्याच्या शर्यतींचा परीक्षा दिलेला पंच आहे. मी तिची तयारी अकरा कलमांवर तपासली. सातांत पास. नापास चार : नाक धरून उडी मारते, गॉगल उलटा घालते, अर्ध्यात दोन लेनमधली दोरी धरून बाकीच्या कुठवर आल्या ते बघते, आणि शर्यतीआधी सगळ्या पोरांसारखी कोरडी जेली पावडर बोटाने चाटून जीभ लाल करते. (चौथं नियमात नाही, पण मला पटत नाही.)

गेल्या वर्षी पोहण्याच्या वर्गातली पोरं हसली, तर हिने महिनाभर तोंड पाण्यात घातलं नव्हतं. पहिल्याच शर्यतीत बाद झाली तर? माझं मत, यंदा नको. कळव.

लोभ मनोरा चढून येईल इतका आहेच.
तुझा दादा, रसेल

मनोरा, मोंटाना
१७ जून

ती. रसेलदादास,
नोरीनचा सा. न. वि. वि.

तुझी अकरा कलमं वाचून एकटीच इतकी हसले की खालची हरणं पळाली. अरे, नऊ वर्षांचा होईस्तोवर तू तलावाची शिडी सोडत नव्हतास. आईने भाजलेलं कणीस दाखवलं तेव्हा उतरलास, तेही कमरेपर्यंत. तेव्हा कुठे होती कलमं?

उतरू दे तिला. हरली तर हरेल. पुन्हा पाण्याला पाठ फिरवेल ही धास्ती मलाही आहे, म्हणून एकच मागते : तिच्या लेनवर दुसरा पंच उभा कर. मामाने भाचीला बाद केलं, तर मी डोंगर उतरून येईन.

जेली चाटू दे. लोभ असावा, नियमावली नसावी.
तुझी नोरीन

फेअरमिल
२५ जून

चि. नोरीन हिस,
आशीर्वाद, आणि आधी पूर्ण वाच, मग डोंगर उतर.

दुसरा पंच मिळाला नाही. सकाळी तिच्या दंडावर शर्यत, फेरी आणि लेनचे आकडे मीच शाईने लिहिले, पट्टी धरून. लेन चार, माझ्याच बाजूला. नाक धरून उडी. बारा मीटरवर दोरी. आता, दोरी धरून दम खाणं चालतं. दोरी ओढत पुढे जाणं चालत नाही. तिने दम खाल्ला. मग माझ्याकडे बघून लाल जीभ काढली आणि दोरी ओढली. एकदा नाही, तीनदा.

पंचाचा पांढरा शर्ट अंगावर असला की मी कोणाचा मामा नसतो. पंचाने बाद ठरवलं की हात सरळ वर करायचा असतो. मी केला. टिल्डाने पाहिलं, दोरी सोडली, मला झोकात हात केला आणि उरलेलं अंतर न थांबता पोहली!

बाद केल्याची एक चिठ्ठी निकालाच्या टेबलावर दिली, दुसरी घेऊन तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, मामा, सहा जणी होतो, पण तू फक्त मलाच हात केलास.

चिठ्ठी खिशात आहे. निकालात ती बादच आहे, ते खोडलेलं नाही; फक्त तिला सांगितलेलं नाही. हे नियमात बसतं का, पुस्तकात शोधतोय.

राग निवळल्यावर लोभ धाडावा.
रसेल

मनोरा
१ जुलै

ती. दादास,
सा. न. डोंगर उतरत नाही.

पण पुढच्या शर्यतीत ती दोरी धरून तुझ्या हाताची वाट बघत बसली तर? भाची तुझी आहे. एकदा जसं झालं, नेमकं तस्संच व्हायला हवं असणार. सांगून टाक बाबा तिला.

इथे वणवा नाही, लोभ पेटता असू दे.
नोरीन

फेअरमिल
९ जुलै

चि. नोरीन हिस,
आशीर्वाद. तुझी जीभ काळी आहे.

दोन तारखेला अगदी तसंच झालं. दोरी ओढली नाही, नुसती धरली, म्हणजे नियमात. आणि माझी वाट बघत राहिली. बाकीच्या पाच जणी टॉवेल गुंडाळून बर्फाच्या कांड्या चोखत होत्या. शेवटी ओरडली, मामा, हात कर ना! चूक नसताना पंचाने हात कसा वर करायचा? मी खांबासारखा उभा. ती पोहून आली, रडली नाही. पण पुढच्या शनिवारी येणार नाही असं घरी आल्यावर सांगितलं.

तेव्हा मी चिठ्ठी काढून सगळं खरं सांगितलं. तिने चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, मग तू पांढरा शर्टच काढ की.

आज काढला. दुसऱ्या गावाहून पंच मागवला. तू अकरा वर्षांपूर्वी दिलेला, अननस छापलेला पिवळा शर्ट (लेबल आजच कापलं) घालून मी पलीकडच्या टोकाला दोन्ही हात वर करून उभा राहिलो. तिने नाक धरलं, गॉगल उलटा, जीभ लाल. दोरीला बोट लावलं नाही. ३८.६२ सेकंद, सहांत पाचवी.

पाण्यातून डोकं काढल्या काढल्या म्हणाली, मामा, तुझा डावा हात वाकडा होता.

घरी येऊन आरशापुढे उभा राहून पाहिलं. वाकडाच होता. सुधारतोय, पुढच्या शनिवारपर्यंत तयार होईन.

लोभ दोन्ही हातांनी असावा.
तुझा दादा, रसेल