अंगणात गळलेलं उणे

नुकुअलोफा,
सोमवार

तीर्थरूप आत्यांना,

फेलेतीचा नमस्कार, मान जितकी खाली घालायला हवी तितकी घालून. आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक आहोत. बाबा तर चर्चचे कारभारी झाल्यापासून जरा जास्तच. तुमचे गुडघे कसे आहेत? ऑकलंडची थंडी त्यांना मानवत नाही असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि बाबांनी त्याच आठवड्यात दोन जाड चटया पाठवून दिल्या. त्यांचा उपयोग झाला का? (आई विचारते आहे. त्या तिच्या होत्या.)

तुमचा भाचा पूल बांधणार, असं तुम्ही तिथल्या चर्चमध्ये सांगून ठेवलं आहे. ऐकून आनंद झाला. पण पुलाच्या आधी एक शिडी आडवी आली आहे. पेनिसिमानी मास्तरांनी कॅल्क्युलसचा गृहपाठ दिला. पाच मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे आणि तिचा पाय सेकंदाला एक मीटर या वेगाने भिंतीपासून दूर सरकतो आहे; पाय भिंतीपासून तीन मीटरवर असताना वरच्या टोकाची उंची किती वेगाने बदलते? मी मास्तरांनाच विचारायला गेलो. ते म्हणाले, "घरात सुवाच्या विद्यापीठाची पदवीधर बसली आहे आणि तू मला त्रास देतोस?" एवढं बोलून त्यांनी हेही सांगितलं की हा गृहपाठ ज्याचा चुकेल त्याचं नाव ते परीक्षेला पाठवणार नाहीत. नाव गेलं नाही, तर बाबा मला वावाउ बेटावर काकांच्या सुरणाच्या मळ्यात पाठवणार आहेत. तिथे पूल नाहीत. नदीही नाही.

मी बाबांना विचारलं. बाबांनी तो प्रश्न गुरुवारी पुरुषमंडळींच्या कावा प्यायच्या बैठकीत मांडला. तिथे सगळ्यांचं एकमत झालं की शिडी ओढणारा माणूस चांगल्या घरचा नाही. वर कोणी चढलं होतं का, असल्यास त्याच्या कुटुंबाची माफी कोण मागणार आणि माफीला डुक्कर केवढं न्यावं लागेल, यावर पहाटेपर्यंत चर्चा झाली. वेगाबद्दल कोणी बोललं नाही.

उरली कालोलाइन. तुमची भाची, माझी थोरली बहीण, गणित घेऊन शिकलेली आणि आता बँकेत रोज लोकांना नाही म्हणणारी. तुम्हाला मी काय सांगावं? मला मिसरूड फुटलं तेव्हापासून मी अंगणातल्या खोपीत झोपतो आणि ती असते त्या खोलीत पाऊल टाकत नाही. भावाने बहिणीचा मान असाच ठेवायचा असतो. मी तो ठेवतो. (रग्बीचा सामना असला की आम्ही दोघं एकाच टीव्हीसमोर बसतो, बाबा मध्ये बसून ओरडतात, आणि मानाला काही होत नाही. कॅल्क्युलसने मात्र होतं.) मी चिठ्ठी पाठवायचं म्हटलं, तर बाबा म्हणाले, चिठ्ठी म्हणजे कागदावर एका खोलीत बसणंच झालं. फोन म्हणजे कानात बसणं. म्हणून आईला मध्ये घेतलं.

आईची स्मरणशक्ती चांगली आहे. तिची सभ्यता त्याहून चांगली आहे, आणि अडचण तिथेच झाली. मी खोपीतून प्रश्न द्यायचा, तिने अंगण ओलांडून तो घरात न्यायचा, उत्तर घेऊन परत यायचं. पहिला निरोप आला: "तुझी बहीण म्हणते, भिंत, जमीन आणि शिडी मिळून काटकोन त्रिकोण होतो, बाळा." कालोलाइन मला बाळा म्हणत नाही. ती गाढव म्हणते. तो शब्द अंगणात कुठेतरी गळला होता. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. अशा खेपा होत राहिल्या, मध्ये एकदा उकडलेला सुरणही आला, आणि शेवटी उत्तर आलं: सेकंदाला पाऊण मीटर. मी सुंदर अक्षरात लिहिलं.

आज मास्तरांनी वही वर्गापुढे धरली. "बघा. खालून पाय ओढला की फेलेतीच्या घरी शिड्या भिंतीवर चढतात." उत्तर उणे पाऊण होतं. वर्ग बराच वेळ हसला. मी घरी येऊन आईला विचारलं, कालोलाइन उणे म्हणाली होती का?

"म्हणाली होती की."

"मग ते कुठे गेलं?"

"ती किती दिवसांनी तुला काहीतरी देत होती. त्यात उणे कशाला? चांगलं नाही दिसत. तेवढं मी ठेवून आले."

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले आईने योग्य केलं.

मास्तरांनी दया म्हणून शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. नवं गणित शंकूच्या आकाराच्या टाकीचं आहे. टाकी गळते. म्हणजे त्यात पुष्कळ उणे असणार.

सर्वांना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
फेलेती

ता. क. आत्या, या घरात बाबांना बहिणीच्या हक्काने आज्ञा करू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते ऑकलंडला राहतं. कालोलाइनच्या एकविसाव्या वाढदिवशी केकचा सगळ्यात वरचा, मानाचा थर तुम्ही आत्येचा हक्क म्हणून विमानात घालून नेलात, तेव्हा बाबा हसत उभे होते. तेव्हा कृपा करून शुक्रवारच्या आत फोन करा आणि सांगा की परीक्षेपर्यंत भावाबहिणीने एका टेबलाशी बसावं. हवं तर रग्बीसारखं बाबांना मध्ये बसवा. पत्र उद्या तुमच्याकडे निघालेल्या पाळकांच्या हाती देतो आहे. फक्त यासाठीच लिहिलं. गुडघ्यांची चौकशीही मनापासून होती.

ता. क. दुसरा. तुम्हाला विचारण्याआधी कालोलाइनची परवानगी घ्यावी म्हणून आईला घरात पाठवलं होतं. ती बराच वेळ आत होती. आता निरोप आला आहे: "तुझी बहीण म्हणते, तुझ्याशेजारी बसायला तिला फार आवडेल." यात उणे नेमकं कुठे होतं, ते फोन कराल तेव्हा कालोलाइनलाच विचारून घ्या.